बाई दुःख गिळत नाही, तिला गिळायला लावतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला नीना सिमोन या अमेरिकन गायिकेवरचा लेख माझ्यापर्यंत बुधवारी पोचला. निपाणी तालुक्यातल्या एका गावात मी पिठाची गिरणी चालवते. दळणाला आलेल्या अकरावीतल्या एका पोरीच्या डब्यावर तो कागद झाकण म्हणून बांधलेला होता. फोटोतल्या बाईच्या डोळ्यांकडं माझं लक्ष गेलं. माझे हात पिठानं माखलेले, म्हणून त्या पोरीलाच मी लेख वाचायला लावला. मागं पाच-सहा दळणं खोळंबली होती, तरी मोटार बंद केली.

लेख मनापासून लिहिलेला आहे. पण शेवटाकडं लेखकांनी असं म्हटलं आहे की अपमान आणि दुःख गाण्यात ओतायची ही ताकद तिकडच्या बायकांत आहे, आपल्याकडची बाई दुःख गिळून टाकते. हे वाक्य माझ्या घशात अडकलं. रात्री झोप लागली नाही, म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. दोन-तीन रात्री लागल्या. लांबलं असेल तर सांभाळून घ्या, पण कापायचं झालं तर माझ्या गावाची गोष्ट कापू नका.

लेखात एक प्रसंग चार ओळींत उरकला आहे. मला विचाराल तर सगळा लेख त्याच्यावरच हवा होता. ही बाई १९३३ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या ट्रायॉन नावाच्या छोट्या गावात एका काळ्या कुटुंबात जन्मली. आई चर्चमध्ये उपदेश करायची, शिवाय गोऱ्यांच्या घरी कामाला जायची. पोरगी पियानो वाजवायची. अकरा-बारा वर्षांची असताना गावच्या वाचनालयात तिचा कार्यक्रम ठेवला. आईवडील नटूनथटून पहिल्या रांगेत येऊन बसले. तेवढ्यात गोरी माणसं आली आणि त्यांच्यासाठी या दोघांना उठवून मागं बसायला सांगितलं. आईवडील उठले. पोरीनं ते स्टेजवरून बघितलं आणि सांगितलं, आईबाप पुढं बसल्याशिवाय मी वाजवणार नाही. त्यांना परत पुढं आणावं लागलं, तेव्हा तिनं पियानोला हात लावला. पुढं तिनं लिहून ठेवलं आहे की दुसऱ्या दिवशी अंगावरची कातडी सोलून काढल्यासारखं वाटत होतं. कातडी परत आली, पण जरा जाड होऊन आली.

हे ऐकलं आणि मला बेळगाव आठवलं.

माझं माहेर धारवाडचं. घरात मराठी, दारात कानडी. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे आणि घरी आले की आकाशवाणी लावायचे. शास्त्रीय गायिका गंगूबाई हनगल लागल्या की घरात कुणी भांडं वाजवायचं नाही, असा आमच्याकडं दंडक होता. गंगूबाई धारवाडच्याच, १९१३ चा जन्म. त्यांच्या लहानपणाची एक गोष्ट वडील फार वेळा सांगायचे, पुढं ती मी खुद्द गंगूबाईंच्या मुलाखतीतही वाचली. शेजारच्या बागेतला आंबा त्यांनी चोरला. मालक खवळला, पण आंब्यासाठी नव्हे. गाणारणीच्या पोरीनं आपल्या बागेत पाऊल टाकलं म्हणून खवळला. रस्त्यानं जाताना लोक 'गानेवाली' म्हणून हिणवायचे ते वेगळंच.

डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्ष होते, आयुष्यात एकदाच, ते आपल्याच बेळगावात. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर त्याच वेळची. त्या अधिवेशनात स्वागतगीत म्हणणाऱ्या मुलींत गंगूबाई होत्या. वय अकरा. पुढं त्यांनी सांगितलं आहे की त्या दिवसाची आठवण म्हणजे एक धास्ती. पंगत उठली की आपल्याला उष्टी काढायला तर लावणार नाहीत ना?

संपादक साहेब, दोन पोरी, दोन्ही अकरा-बारा वर्षांच्या. एक ट्रायॉनच्या वाचनालयात, एक बेळगावच्या मांडवात. दोघींना गाणं-वाजवणं करायला बोलावलेलं आहे आणि दोघींच्या पोटात गोळा आहे की आता आपल्याला आपली जागा दाखवतील. आणि आपण म्हणायचं, आपल्याकडची बाई गिळून टाकते? गंगूबाईंनी गिळलं असतं तर त्या हुबळीहून रोज आगगाडीनं कुंदगोळला गेल्या असत्या का, सवाई गंधर्वांकडं शिकायला? मराठी रंगभूमीवर गाजलेले सवाई गंधर्व, शिकवणी कानडी मुलखात, शिष्य गंगूबाई आणि भीमसेन जोशी. घशाचं ऑपरेशन झाल्यावर त्यांचा आवाज बदलला, जाड झाला, पुरुषासारखा झाला. तोच आवाज घेऊन त्या उभ्या राहिल्या. त्यांचं एक म्हणणं माझ्या वडिलांना पाठ होतं: गाणारा पुरुष मुसलमान असला तर उस्ताद होतो, हिंदू असला तर पंडित होतो, आणि केसरबाई, मोगूबाईंसारख्या मोठ्या गायिका मात्र बाईच राहतात. २००४ साली त्यांची लेक कृष्णा गेली. आयुष्यभर आईच्या मागं बसून साथ केलेली लेक. त्यानंतरही २००६ मध्ये गंगूबाई मैफलीला बसल्या, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी. आईला असं दुःख झाल्यावर गाणं कुठून येतं, हे मला वाचून कळलेलं नाही. मला ते दुसरीकडून कळलं. ते आता सांगते.

गिरणी माझ्या मालकांची, म्हणजे नवऱ्याची. बावीस वर्षं त्यांनी चालवली. दोन वर्षांपूर्वी आषाढात छातीत कळ आली आणि कोल्हापूरला पोचेपर्यंत सगळं संपलं. तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी मी मोटारीचं बटण दाबलं. त्याला कुणी काही म्हणालं नाही. पीठ सगळ्यांना हवं होतं.

गिरणीचा एक सूर असतो. बाहेरच्याला नुसता आवाज ऐकू येतो, आत उभं राहणाऱ्याला सूर कळतो. पट्टा चढवला आणि दगड रिकामा फिरला की सूर वर जातो, वरून दाणे पडायला लागले की खाली उतरतो. जोंधळ्याला वेगळा, गव्हाला वेगळा. दगडाला टाकी मारल्यावर पहिले दोन दिवस तो अगदी स्वच्छ लागतो. मालक असताना मी दुपारी भाकरी घेऊन जायची तेव्हा त्या सुरावर अभंग म्हणायची, ते मोटारीला हात लावून ऐकायचे. ऐकायचे म्हणजे काय, गिरणीत शब्द ऐकूच येत नाहीत. माझ्या ओठांकडं बघायचे आणि मान हलवायचे. आमच्या महिला भजनी मंडळात मी पंधरा-सोळा वर्षं होते. माझा आवाज जाड आहे. 'बाप्याचा गळा' हे मी शाळेत असल्यापासून ऐकत आले. मालकांना तोच गळा आवडायचा.

ते गेले त्या सालच्या माघात गावात सप्ताह झाला. दुपारी दोन ते चार महिला मंडळाची वेळ, म्हणजे मांडवात माणसं जेवून आडवी झालेली असतात ती वेळ. मी जाणार नव्हते. मंडळातल्या बायका घरी आल्या आणि म्हणाल्या, चल, नुसती टाळ घेऊन बस. बसले. बसल्यावर राहवलं नाही. जनाबाईचा अभंग उचलला, 'डोईचा पदर आला खांद्यावरी, भरल्या बाजारी जाईन मी'. हा अभंग मी शंभर वेळा म्हटला असेल. त्या दिवशी पहिल्यांदा तो माझा मला लागला. सात महिने घशात साचलेलं सगळं त्या जाड आवाजातून वर आलं. आडवी झालेली माणसं उठून बसली, हे मी बघितलं.

अभंग संपला. पुढं बसलेल्या एका कारभारी माणसानं माईक हातात घेतला आणि म्हणाला, "नवऱ्याची राख अजून थंड झाली नाही आणि हिला पदर खांद्यावर घ्यायची घाई!" मांडव हसला. बायकाही हसल्या. काही खाली मान घालून हसल्या, तेवढाच फरक.

तिथं संपलं असतं तरी मी सोसलं असतं. कुणीतरी मोबाईलवर ते घेतलं होतं. 'भरल्या बाजारी जाईन मी' एवढाच तुकडा ठेवून, त्याच्यामागं तमाशाची ढोलकी जोडून संध्याकाळी ते गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलं. रात्री नऊच्या आत चिकोडीला माझ्या लेकीच्या सासरी पोचलं. लेकीचा फोन आला. ती काही बोलली नाही, नुसती रडत होती. मी तिला एवढंच विचारलं, "तुला काही म्हणाले का?" ती म्हणाली, "नाही. जेवायला वाढलं, पण कुणी बोललं नाही."

त्या रात्रीपासून मी गाणं बंद केलं. मंडळात गेले नाही. गिरणीतसुद्धा ओठ मिटून उभी राहिले. दळणाला येणारी पोरं मोबाईल काढून एकमेकांना काहीतरी दाखवायची आणि मला वाटायचं तेच दाखवत असतील. कधी असेलही, कधी नसेलही. अंगाला असं झालं होतं की कुणी हसलं की पदर आधी डोक्यावर ओढला जायचा, मग कळायचं की त्यांच्या हसण्याचा माझ्याशी संबंध नाही. कातडी सोलल्यासारखं म्हणजे काय, हे म्हणूनच त्या पोरीनं वाचल्यावर मला लगेच समजलं. ते परदेशातलं वाटलं नाही.

तेव्हा लेखकांना माझं हात जोडून सांगणं आहे. मी दुःख गिळलं, हे खरं आहे. पण आधी गायले होते. गिळायला लावलं ते नंतर. 'आपल्याकडची बाई गात नाही' असं लिहिताना तिला गप्प कुणी बसवलं, ही ओळही लिहायला हवी होती.

आणि जनाबाई कुठं राहिली? सातशे वर्षांमागची दासी, नामदेवांच्या घरी दळण-कांडण करणारी. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला म्हणजे बाई बदनाम, हे तिला ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं म्हणूनच तिनं ते गाण्यात घेतलं. लोक जो शब्द तिच्या अंगावर फेकतील तो तिनं आधीच स्वतः उच्चारला, 'जनी म्हणे देवा मी झालें येसवा', येसवा म्हणजे वेश्या. शिवी फेकणाऱ्याच्या हातात मग उरतं काय? माईक घेणाऱ्या माणसाला हा अभंग पाठ आहे. दर एकादशीला तो टाळ्या वाजवून म्हणतो. जनाबाईनं म्हटलेलं चालतं, कारण ती आता देवळात आहे. गिरणीवालीनं म्हटलेलं चालत नाही, कारण ती उद्या रस्त्यानं जाणार असते.

बुधवारी रात्री ती पोरगी परत आली. दळण न्यायचं निमित्त होतं. मोबाईलवर नीनाचं गाणं लावून तिनं मोबाईल माझ्या कानाला दिला. गाण्याची गोष्ट तिनं मला समजावून सांगितली. ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांना गोळ्या घातल्या. तीनच दिवसांनी न्यूयॉर्कजवळ नीनाचा कार्यक्रम होता. तिच्या साथीदारानं किंग यांच्यावर नवं गाणं लिहिलं, ते त्यांनी नुकतंच बसवलं होतं आणि त्याच रात्री लोकांपुढं म्हटलं. इंग्रजी मला येत नाही. पण गाता गाता ती मध्येच बोलायला लागते, थांबते, परत सूर धरते, ते ऐकायला भाषा लागत नाही. आमच्याकडं मयताच्या घरी बाई आठवणी काढून रडते तेव्हा तिचंही असंच होतं. रडणं कुठं संपलं आणि गाणं कुठं सुरू झालं, कळत नाही. तिकडं या गाण्याला 'सोल' म्हणतात, म्हणजे जीव, आत्मा, असं पोरीनं सांगितलं. नाव चांगलं आहे. आवाजही जाड आहे तिचा. मी तो परत परत ऐकला, पोरीच्या मोबाईलची बॅटरी संपेपर्यंत.

पोरीनं आणखी एक गोष्ट शोधून वाचून दाखवली. १९६३ साली सप्टेंबरात अलाबामातल्या बर्मिंगहॅम गावी चर्चमध्ये बॉम्ब ठेवून चार काळ्या मुली मारल्या. बातमी ऐकून नीना घरात सापडेल त्या सामानातून बंदूक बनवायला बसली होती. नवरा म्हणाला, माणसं मारण्यातलं तुला काय कळतं? तुझ्याकडं गाणं आहे. ती पियानोवर जाऊन बसली आणि तासाभरात गाणं घेऊन उठली. दक्षिणेकडच्या एका दुकानदारानं त्या गाण्याच्या रेकॉर्डचा आख्खा खोका परत पाठवला, प्रत्येक तबकडी दोन तुकडे करून.

तो मोडलेला खोका आणि माझा चाळीस सेकंदांचा कापलेला अभंग मला एकाच घरचे वाटले. मी नीना नव्हे, गंगूबाईही नव्हे. मी गिरणीवाली आहे. पण मोडणारे हात सगळीकडं तेच असतात, हे म्हणायला मोठी गायिका असावं लागत नाही.

गुरुवारी सकाळी गिरणी चालू केली. पहिलं दळण जोंधळ्याचं होतं. सूर खाली उतरला आणि माझं तोंड उघडलं. काय म्हटलं ते सांगायची गरज नाही. दळणाच्या ओळीत उभ्या असलेल्या एका म्हातारीनं माझ्या ओठांकडं बघितलं आणि मान हलवली. ती म्हातारी कानडी बोलते, मराठी तिला बाजारापुरतं येतं.

आता माझी मागणी. हेरवाड आमच्यापासून लांब नाही, शिरोळ तालुक्यातलं. तिथल्या ग्रामसभेनं ४ मे २०२२ रोजी ठराव केला की नवरा मेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद. पुढं महाराष्ट्र सरकारनंही सगळ्या ग्रामपंचायतींसाठी परिपत्रक काढलं. आम्ही सीमेच्या या अंगाला, कर्नाटकात, आमच्यापर्यंत ते परिपत्रक येत नाही. पण हेरवाडच्या बायका आणि आम्ही एकाच पंढरीच्या वाटेनं जातो. बांगड्या राहिल्या ही मोठी गोष्ट झाली. गळ्याबद्दल मात्र अजून कुठं ठराव झाल्याचं माझ्या वाचनात नाही. आमच्याकडच्या सप्ताहात कलशाला विधवा चालत नाही, वीणेच्या पहाऱ्याला, म्हणजे वीणा गळ्यात घेऊन आळीपाळीनं उभं राहायला, तर बाईच चालत नाही, आणि मंडळाची वेळ दुपारी दोनची, जेव्हा ऐकायला कुणी नसतं. आपल्या वर्तमानपत्रात दर वर्षी सीमाभागातल्या गावोगावच्या सप्ताहांच्या बातम्या येतात. कीर्तनकारांची नावं येतात, महाप्रसाद कुणाचा ते येतं. यंदा आपल्या वार्ताहरांनी प्रत्येक गावात एवढं विचारावं: महिला मंडळाला वेळ कोणती दिली? वीणा कुणाच्या गळ्यात होती? जे उत्तर मिळेल ते छापावं. दुसरं काही लिहू नये, नुसतं उत्तर छापावं.

नीनाच्या आईबापांना पुढं बसवलं ते कुणाला दया आली म्हणून नव्हे. पोरीनं हात आवरून धरले आणि कार्यक्रम अडला म्हणून. आमच्या मंडळातल्या बायकांना मी हेच सांगितलं आहे. यंदा दुपारी दोनची वेळ दिली तर आपण जायचं नाही. काहींना पटलं. काहींना भीती वाटते. ज्या त्या दिवशी मांडवात हसल्या होत्या त्यातल्या एकीनं परवा गिरणीत येऊन दळण ठेवलं आणि जाताना म्हणाली, "मी येते तुझ्याबरोबर." मी तिला जुनं काही विचारलं नाही. तिच्या डब्यावर खडूनं नाव घातलं आणि दळणाला लावला.

माझं नाव छापू नये ही विनंती. मला लाज वाटत नाही. पण माझं नाव आलं की गाव कळेल, गाव कळलं की माईक घेणाऱ्याचं आणि मोबाईलवाल्याचं नाव कळेल, आणि त्यांच्याही घरी लेकीसुना आहेत. मांडवात माझ्यावर जी वेळ आली ती त्या पोरींवर माझ्या पत्रामुळं यायला नको.

सप्ताह समितीला मी लेखी अर्ज दिला आहे. पहाटे चार ते सहा वीणेचा पहारा मला द्यावा, असा. त्या वेळेला गिरणी बंद असते आणि गळा मोकळा असतो. अजून उत्तर आलेलं नाही. आलं की कळवीन.

आपली नम्र,
एक गिरणीवाली
निपाणी तालुका, जि. बेळगाव